हिंदीतला ‘क़ायदा’: अर्थ आणि मूळ शोधायची रीत

हिंदीतला ‘क़ायदा’ मराठी माणसाला चकवतो, कारण तो आपल्याला आधीपासून येतो असं वाटतं. ‘क़ायदे से तो आपको पहले बताना चाहिए था’ या वाक्याचं ‘कायद्याने तुम्ही आधी सांगायला हवं होतं’ असं भाषांतर हातून सहज होऊन जातं. बोलणाऱ्याच्या मनात तिथे ना पोलीस असतो ना कोर्ट. त्याला म्हणायचं असतं, ‘खरं तर’, ‘रीतीप्रमाणे’.

अशा शब्दाचा अर्थ आणि मूळ नीट शोधायचं तर कोशात डोकावून ‘[अर.]’, म्हणजे अरबी, एवढं पाहिलं की भागत नाही. शब्द कुठल्या अक्षरांनी लिहितात, त्याचा धातू कोणता, अनेकवचन काय, तो कुठल्या वाटेने आला आणि वाटेत अर्थ कुठे वळला, हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. ही रीत खाली ‘क़ायदा’वर पूर्ण चालवून दाखवली आहे. मग ‘क़ानून’वर, कारण तिथे हीच रीत अडखळते. ‘नियम’ला फार वेळ लागत नाही.

आधी वाक्यं, मग कोश

कोश उघडण्याआधी शब्द वापरलेली दहा-बारा हिंदी वाक्यं जमवा. निम्मी बोलण्यातली, निम्मी छापील. एकाच वर्तमानपत्रातली सगळी घेतलीत तर एकच अर्थ हाती लागेल. ‘क़ायदा’ची वाक्यं साधारण अशी मिळतात: ‘क़ायदे से बैठो’, ‘हर काम का एक क़ायदा होता है’, ‘खेल के क़ायदे’, ‘क़ायदे की बात करो’, ‘बच्चा अभी क़ायदा पढ़ रहा है’, ‘क़ायदा-क़ानून भी कोई चीज़ है’.

आता प्रत्येक वाक्यात ‘क़ायदा’ काढून ‘क़ानून’ घालून पाहा. ‘क़ानून से बैठो’ कोणी म्हणणार नाही. ‘खेल के क़ानून’ जेमतेम चालेल. म्हणजे हिंदीत ‘क़ायदा’ मुख्यतः रीत, शिस्त, पद्धत, ठरलेला नियम. ‘क़ायदे की बात’ म्हणजे मुद्द्याची, योग्य गोष्ट. ‘बच्चा क़ायदा पढ़ रहा है’ यातला क़ायदा तर वेगळाच, म्हणजे उर्दू-अरबी अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक, आपल्याकडच्या अंकलिपीच्या जागचं. कोर्टकचेरीचा अर्थ एकट्या ‘क़ायदा’ला फारसा नाही. तो ‘क़ानून’ सोबत असला की येतो.

मराठीत नेमकं उलट झालं. कोर्टाचा अर्थ ‘कायदा’ने घेतला, ‘कानू’ मागे पडला आणि उरला तो ‘कायदेकानू’ या जोडशब्दापुरता. म्हणून भाषांतर करणाऱ्याने या जोड्या हाताशी ठेवाव्यात: हिंदी ‘क़ानून-व्यवस्था’ म्हणजे मराठी ‘कायदा व सुव्यवस्था’, ‘ग़ैरक़ानूनी’ म्हणजे ‘बेकायदेशीर’, ‘क़ानूनन’ म्हणजे ‘कायद्याने’. आणि ‘बाक़ायदा’ म्हणजे ‘रीतसर’. यातला शेवटचा सर्वांत जास्त चुकतो. ‘उसने बाक़ायदा इस्तीफ़ा दिया’ याचा अर्थ त्याने रीतसर राजीनामा दिला. ‘कायदेशीर राजीनामा’ म्हटलं की नसलेला वाद उभा राहतो.

खरी अक्षरं कोणती

देवनागरीत ‘कायदा’ लिहिलं की मूळच्या निम्म्या खुणा पुसल्या जातात. मराठीत नुक्ता (‘क़’सारख्या अक्षराखालचा टिंब) नाही आणि छापील हिंदीतही तो बऱ्याचदा गाळतात. म्हणून पहिलं काम म्हणजे अरबी-फारसी लिपीतलं लेखन मिळवणं. लिपी वाचता आली नाही तरी चालेल, अक्षरांची नावं कळली की पुरे.

कुठे शंका घ्यायची ते ठरलेलं आहे. आपल्या ‘क’च्या मागे काफ किंवा क़ाफ असू शकतो. ‘त’च्या मागे ते किंवा तोय. ‘स’च्या मागे से, सीन, स्वाद असे तिघे. ‘ज़’च्या मागे चौघे: ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय. ‘ह’च्या मागे दोन प्रकारचे हे. आणि स्वराच्या मागे नुसता अलिफ किंवा घशातला ऐन. अरबीत हे सगळे वेगवेगळे उच्चार, फारसीत बहुतेक एकत्र मिसळले आणि आपल्याकडे आले ते मिसळलेलेच. मूळ शोधताना ते परत सुटे करावे लागतात, नाहीतर शब्द भलत्याच कुळात जाऊन बसतो.

‘क़ायदा’ची अक्षरं अशी: क़ाफ, अलिफ, ऐन, दाल आणि शेवटी गोल हे. मधला ‘य’ मुळात नाहीच. ‘क़ाइदा’मधला ऐन आपल्या तोंडात बसत नाही, तो गळला, ‘आ’ला ‘इ’ येऊन भिडला आणि त्या फटीत ‘य’ शिरला. ‘फायदा’तही हाच ‘य’ आहे. तिथे मुळात ऐन नसून हम्ज़ा (घशात क्षणभर श्वास अडवणारा उच्चार) होता, पण गळण्याची तऱ्हा तीच.

शोधायला सोपी वाट म्हणजे रेख़्ता या उर्दू संकेतस्थळाच्या शब्दकोशात देवनागरीत शब्द टाकायचा. तिथे उर्दू लेखन शेजारी मिळतं. ते उचलून शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल कोशांत प्लॅट्सचा उर्दू-हिंदी कोश (1884) आणि स्टाइनगासचा फारसी कोश (1892) पाहायचे. मोल्सवर्थचा मराठी कोशही तिथेच आहे.

शब्द कोशात असूनही ‘सापडला नाही’ असं उत्तर येण्याची तीन नेहमीची कारणं आहेत. एक, देवनागरी ‘क़’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘क’ आणि खाली वेगळा नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला नाही. नुक्त्यासह आणि नुक्त्याविना असं दोनदा शोधा. दोन, उर्दूतला गोल हे, फारसीतला हे आणि अरबी शब्दाच्या शेवटचा ते मरबूता (स्त्रीलिंगी प्रत्ययाचं अक्षर) ही संगणकाच्या लेखी तीन वेगळी अक्षरं आहेत. उर्दूतून उचललेला ‘क़ायदा’ अरबी कोशात जसाच्या तसा चिकटवला की काही मिळत नाही. शेवटचं अक्षर बदलावं लागतं. काफ आणि ये यांचंही उर्दू-फारसी रूप वेगळं, अरबी वेगळं. तीन, अरबी कोश बहुधा शब्दानुसार लावलेलाच नसतो. तो धातूनुसार लावलेला असतो, म्हणजे आधी धातू काढावा लागतो.

धातू काढणं

अरबी शब्दाचा कणा बहुधा तीन व्यंजनांचा. दीर्घ स्वर आणि शेवटचा स्त्रीलिंगी प्रत्यय बाजूला काढला की ‘क़ाइदा’तून उरतात क़ाफ, ऐन, दाल. हान्स वेरच्या अरबी कोशात या धातूखाली पहिलाच अर्थ आहे ‘बसणे’. ‘क़ाइदा’ हे त्याचं कर्तृवाचक स्त्रीलिंगी रूप, शब्दशः ‘बसणारी’, ‘बसलेली’.

बसण्याचा आणि नियमाचा संबंध काय, हे इथे थांबून पाहायला हवं. बसलेली ती पाया, बैठक. इमारत जिच्यावर उभी असते ती. कुराणात (2:127) इब्राहीम घराचा पाया उचलतो तिथे याच शब्दाचं अनेकवचन ‘क़वाइद’ पायासाठी आलं आहे. अरबी भूमितीत त्रिकोणाचा पाया म्हणजे ‘क़ाइदा’. लष्करी तळही ‘क़ाइदा’. बातम्यांमधल्या ‘अल कायदा’चा अर्थ तळ असाच, त्याचा कायद्याशी संबंध नाही. पाया या अर्थावरून ज्याच्यावर बाकीचं उभं राहतं ते तत्त्व, तत्त्वावरून नियम, नियमावरून रीत. हिंदी या साखळीच्या शेवटच्या दोन कड्यांवर थांबली. मराठी त्यापुढे सरकून न्यायालयात गेली.

धातू बरोबर निघाला का, हे तपासायला त्याचे आणखी दोन-तीन वंशज शोधा, शक्यतो आपल्या ओळखीचे. नमाज़मध्ये बसण्याच्या स्थितीला ‘क़ादा’ म्हणतात. हिजरी वर्षाचा अकरावा महिना ‘ज़ुल-क़ादा’, म्हणजे लढाया थांबवून बसण्याचा महिना, असं त्याचं पारंपरिक स्पष्टीकरण. मराठ्यांच्या पत्रव्यवहारात ‘छ’ या खुणेपुढे चांद्र तिथी आणि महिना येतो, तिथे भेटणारा ‘जिल्काद’ तो हाच. म्हणजे पेशवे दप्तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून हा धातू रोज जातो, फक्त ‘कायदा’ शेजारी ठेवून कोणी पाहत नाही.

अनेकवचनाची चाचणी

अरबीत ‘क़ाइदा’ या साच्याच्या शब्दाचं अनेकवचन ‘क़वाइद’ होतं. ‘फ़ाइदा’चं ‘फ़वाइद’, ‘ज़ाबिता’चं ‘ज़वाबित’. अनेकवचन साच्यात बसलं की धातूवरचा विश्वास वाढतो.

आणि हे ‘क़वाइद’ मराठीत घरोघरी आहे. शाळेच्या मैदानावरची ‘कवायत’ ती हीच. उर्दूत ‘क़वाइद’ म्हणजे व्याकरण, भाषेचे नियम. लष्करात शस्त्र चालवण्याचे, चालण्या-वळण्याचे नियम, आणि त्यावरून ते नियम अंगात मुरवण्याचा सराव. हिंदी पत्रकारितेत आज ‘क़वायद’ म्हणजे खटाटोप, हालचाली: ‘नई सरकार बनाने की क़वायद तेज़’. त्याचं मराठीत ‘कवायत’ करू नका. वाचकाला मुलं रांगेत उभी राहिलेली दिसतील.

‘द’चा ‘त’ कसा झाला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ध्वनिबदल एकाच शब्दात दाखवून भागत नाही, दुसरं उदाहरण लागतं. इथे ते आहे: ‘मदद’ची ‘मदत’. पण ‘सनद’ तशीच राहिली, ‘ताकीद’ही. तेव्हा हा सरसकट नियम नाही, एक कल आहे. किंमत, हरकत, मसलत, दौलत असे ‘त’कारान्त स्त्रीलिंगी अरबी शब्द मराठीत ढीगभर असल्याने ‘कवायत’ त्यांच्या पंगतीत जाऊन बसली, असं म्हणणं सयुक्तिक. टिपणात ‘सयुक्तिक’ असंच लिहावं, ‘सिद्ध’ लिहू नये.

लिंगाकडेही लक्ष द्या. अरबीत ‘क़ाइदा’ स्त्रीलिंगी. हिंदी-मराठीत तो पुल्लिंगी झाला, कारण ‘आ’कारान्त शब्द आपण ‘घोडा’, ‘आंबा’ यांच्या वळणावर नेतो: कायद्याचा, कायद्याने. ‘फायदा’चंही तेच. उलट मुळात अनेकवचनी असलेली ‘कवायत’ एकवचनी स्त्रीलिंगी. मूळ भाषेचं लिंग-वचन आपल्याकडे टिकलं नाही म्हणून व्युत्पत्ती चुकीची ठरत नाही.

वाट

मराठीतले अरबी शब्द बहुतेक सगळे फारसीमार्गे आले, राज्यकारभाराची भाषा फारसी होती म्हणून. त्यामुळे एका कोशात ‘[फा.]’ आणि दुसऱ्यात ‘[अर.]’ दिसलं तर दोघांपैकी एक खोटा ठरत नाही. एक कुठून उचलला ते सांगतो, दुसरा मूळ कुठलं ते. मोल्सवर्थमध्ये (1831, दुसरी आवृत्ती 1857) शब्दापुढे भाषेचं आद्याक्षर असतं. तिथे हिंदुस्थानीची खूण असली तरी मूळ हिंदुस्थानीच असेल असं नाही. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (1932 पासून) ही माहिती नोंदीच्या शेवटी चौकोनी कंसात असते. सगळे अर्थ वाचून होईपर्यंत ती नजरेतून निसटते. माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश (1925) या कामात सर्वांत उपयोगी, कारण तो मराठी रूपाकडून फारसी रूपाकडे नेतो. कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश (1946) शेवटी पाहावा. आधी पाहिला की आपण स्वतः शोधत नाही.

फारसी वाटेची एक खूण शब्दाच्या शेपटीत सापडते. अरबी ते मरबूताचं फारसीत कधी ‘-अ/-आ’ होतं, कधी ‘-अत’. म्हणून ‘क़ायदा’, ‘फ़ायदा’ एकीकडे आणि ‘हुकूमत’, ‘क़ुदरत’ दुसरीकडे. शेपूट वेगळी दिसली म्हणून शब्दाची घडण वेगळी समजू नका.

काळ ठरवायचा असेल तर राज्यव्यवहारकोश पाहा. शिवकाळात कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी तो रचला गेला, त्याचे दहा वर्ग आहेत. आपला शब्द त्यात असेल तर तो तेव्हा मराठी कारभारात रुळलेला होता, हे नक्की. नसेल तर त्यावरून काहीच ठरत नाही.

खोटे नातेवाईक

सर्वांत जास्त गफलत इथेच होते. ‘कायदेआझम’ हा शब्द घ्या. मराठीत लिहिला की त्यात ‘कायदा’ दिसतो आणि जिना बॅरिस्टर होते, त्यामुळे ‘मोठा कायदेपंडित’ असा अर्थ कोणीतरी लावतोच. तिथला शब्द आहे ‘क़ाइद’, म्हणजे नेता. धातू क़ाफ-वाव-दाल, नेतृत्व करणे, त्यावरूनच ‘क़यादत’. मधला ‘ए’ हा फारसी जोड. ‘कैद’चा धातू क़ाफ-ये-दाल, बांधणे. कायदा मोडला की कैद होते, पण शब्दांचं नातं नाही. ‘अक़ीदा’, म्हणजे श्रद्धा, आणि निकाहचा ‘अक़्द’ यांत तीच तीन अक्षरं आहेत, पण क्रम ऐन-क़ाफ-दाल. अरबीत क्रम बदलला की धातू बदलतो.

‘आईन’ हाही फारसीत नियमाचाच शब्द, ‘आईन-ए-अकबरी’तला. मराठीत त्याचं ‘ऐने अकबरी’ केलं की तो ‘ऐन वेळी’च्या ‘ऐन’मध्ये मिसळतो. तो ‘ऐन’ अरबी, मूळ अर्थ डोळा, नेमकी तीच वस्तू. काही संबंध नाही.

क़ानून: जिथे धातू फसवतो

आता हीच रीत ‘क़ानून’ला लावली तर धातू निघतो क़ाफ-नून-नून. अरबी कोशातही तो तिथेच मिळतो, शेजारी ‘क़न्नन’, म्हणजे कायदा करणे, हे क्रियापदही असतं. सगळं जुळल्यासारखं वाटतं आणि माणूस ‘मूळ अरबी’ लिहून मोकळा होतो.

चूक कळते ती क्रियापदाचा अर्थ पाहिल्यावर. क़ाफ-ऐन-दालमध्ये ‘बसणे’ ही साधी, नामावर न अवलंबलेली क्रिया आहे आणि नाम तिच्यातून निघतं. इथे क्रियापदाचा अर्थच ‘क़ानून करणे’ असा, म्हणजे नाम आधी आलं आणि धातू त्याच्यातून मागाहून काढला. दुसरा इशारा साच्याचा. ‘फ़ाऊल’ या घडणीचे, म्हणजे पहिल्या व्यंजनानंतर ‘आ’ आणि दुसऱ्यानंतर ‘ऊ’ असलेले, बरेच अरबी शब्द बाहेरचे निघतात: ‘फ़ानूस’, म्हणजे आपला फानस, ग्रीक, ‘नामूस’ ग्रीक ‘नोमोस’वरून. मात्र साचा हा पुरावा नव्हे. ‘जासूस’ याच घडणीचा, पण त्याला जीम-सीन-सीन, चाचपणे, हा चांगला अरबी धातू आहे. ‘जासूस’सारखाच असणार म्हणून ‘क़ानून’लाही धातू चिकटवला गेला असावा.

‘क़ानून’चं मूळ ग्रीक ‘कानोन’: सरळ काठी, गवंड्याची-सुताराची मोजपट्टी आणि त्यावरून मापदंड, नियम. अरबीत तो सिरियाक या जुन्या सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या कुळातल्या) भाषेमार्गे आला असं मानतात. ‘कानोन’च्या मागे ‘कान्ना’, म्हणजे बोरू-वेत, आणि तो शब्द ग्रीकांनी सेमिटिक भाषांकडून घेतलेला: अक्कादी ‘क़नू’, हिब्रू ‘क़ाने’, दोन्हींचा अर्थ बोरूच. म्हणजे शब्द सेमिटिक भाषेतून ग्रीकमध्ये गेला आणि नियम होऊन सेमिटिक भाषेत परतला. त्याच ‘कान्ना’वरून लॅटिनमध्ये ‘कानालिस’, नळी, आणि शेवटी शेताकडेचा ‘कॅनॉल’. कायदेकानू आणि कॅनॉल एका बोरूचे, हे ऐकायला ओढूनताणून वाटतं, पण प्रत्येक कडी जागेवर आहे.

अर्थाची वाटही नोंदवा. इब्न सीनाचा 1025 मधला वैद्यकग्रंथ ‘अल-क़ानून फ़ित्-तिब्ब’, तिथे क़ानून म्हणजे शास्त्राची सूत्रबद्ध मांडणी. उस्मानी तुर्कांकडे शरियतीपेक्षा वेगळा, सुलतानाने केलेला तो ‘कानून’, म्हणून सुलेमानला ‘कानूनी’ हे बिरुद. आपल्याकडे मुघल काळात ‘क़ानूनगो’ म्हणजे परगण्याच्या जमीन-महसुलाची रीत सांगणारा. ‘गो’ हा फारसी, सांगणारा. उत्तर प्रदेशात, पंजाबात महसूल खात्यात हे पद अजून आहे, पटवारी-लेखपालाच्या वर. त्याचं मराठी ‘कायदेतज्ज्ञ’ करणारा भाषांतरकार माणसाला तलाठी कचेरीतून थेट हायकोर्टात नेतो.

मराठीत ‘कानू’ शिवकाळातच दिसतो. अष्टप्रधानांनी काय काय काम करायचं याची यादी ‘कानुजाबता’ या नावाने इतिहासाच्या पुस्तकांत छापलेली असते, राज्याभिषेकाच्या वर्षाची, 1674 ची म्हणून. शेवटचा ‘न’ गळला आहे आणि जोडीला ‘ज़ाब्ता’ आहे. ‘ज़ाब्ता’चा ‘ज़’ चौघांपैकी ज़्वाद, ‘त’ म्हणजे तोय. धातू ज़्वाद-बे-तोय, घट्ट धरणे. त्याचाच भाऊ ‘ज़ब्त’, आपलं ‘जप्त’. हिंदी-उर्दू कोर्टभाषेत ‘ज़ाब्ता फ़ौजदारी’ म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहिता. जुन्या कागदातलं असं उदाहरण वापरताना कागद अस्सल आहे की मागाहूनची नक्कल, ते पाहून घ्या. नक्कल असेल तर शब्दाचं रूप नक्कल करणाऱ्याच्या काळचंही असू शकतं.

नियम

इथे लिपीचा घोळ नाही. ‘नि’ उपसर्ग, ‘यम्’ धातू, आवरणे. पाणिनीचं 3.3.63 हे सूत्र ‘सम्, उप, नि, वि’ या उपसर्गांनंतर ‘यम्’चं ‘यम’ आणि ‘याम’ असं दुहेरी रूप होऊ देतं, म्हणून ‘नियम’ आणि ‘नियाम’ दोन्ही शुद्ध. सख्खे नातेवाईक: संयम, आयाम, व्यायाम, नियंत्रण, यंत्र. मूळ अर्थ दुसऱ्यावर लादलेला नियम असा नव्हता. स्वतःला घालून घेतलेली मर्यादा असा होता. योगसूत्र 2.32 मधले पाच नियम (शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान) याच अर्थाचे.

दोन गोष्टी सांभाळा. हिंदी ‘नियत’ (ठरलेला) याच धातूचा, पण ‘नीयत’ (हेतू) अरबी. ‘नियुक्त’, ‘नियोग’ हे ‘युज्’चे. आणि ‘नियम’ हिंदीत जसाच्या तसा संस्कृतातून उचललेला आहे. तोंडोतोंडी झिजून आलेलं रूप आहे ‘नेम’: हिंदीत ‘नेम-धरम’, मराठीत ‘नेमधर्म’, ‘नेमाने’, ‘नेमणे’, ‘नेमणूक’. टर्नरच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात शोधायचं ते ‘नेम’.

आजच्या सरकारी हिंदीत ‘अधिनियम’ म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा, ‘नियम’ म्हणजे त्याखाली सरकारने केलेले, ‘विनियम’ म्हणजे त्या कायद्याने अधिकार दिलेल्या संस्थेने केलेले. महाराष्ट्राच्या राजपत्रातही हेच शब्द याच अर्थाने आहेत, त्यामुळे इथे भाषांतर करू नये, तसेच ठेवावेत.

टिपण कसं लिहायचं

सगळं जमल्यावर नोंद पाच-सहा ओळींच्या वर नेऊ नका. क्रम असा ठेवा: हिंदी रूप नुक्त्यासह, अक्षरांची नावं, लिंग, मूळ भाषेतलं आणि हिंदीतलं, धातू आणि त्याचा मूळ अर्थ, वाट, अर्थाच्या पायऱ्या, मराठी रूप आणि त्याचा वेगळा झालेला अर्थ, खोटे नातेवाईक. नमुन्यादाखल:

क़ायदा (पु.). क़ाफ-अलिफ-ऐन-दाल-हे. अरबी ‘क़ाइदा’ (स्त्री.), धातू क़ाफ-ऐन-दाल, ‘बसणे’. फारसीमार्गे. बैठक, पाया > तत्त्व > नियम > रीत, शिस्त. शिवाय अक्षरओळखीचं पुस्तक. अनेकवचन ‘क़वाइद’: उर्दू व्याकरण, हिंदी खटाटोप, मराठी ‘कवायत’ (द > त, ताडा: मदद > मदत). मराठी ‘कायदा’ = हिंदी ‘क़ानून’. असंबद्ध: क़ाइद, क़ैद, अक़ीदा.

दोन कोशांत मतभेद असला तर बहुमत मोजू नका. एका कोशाने दुसऱ्यावरून उतरवलेलं असतं, अगदी छपाईच्या चुकीसकट. ज्याने मधल्या पायऱ्या दाखवल्या आहेत त्याचं मत घ्या, दुसऱ्याचं कंसात ठेवा आणि कोणत्या आवृत्तीत पाहिलं ते साल लिहा. मोल्सवर्थच्या दोन आवृत्त्यांमध्ये बरीच भर पडली आहे, तेव्हा ‘मोल्सवर्थमध्ये आहे’ एवढ्याने काम होत नाही.